नव्याचे नऊ दिवस : बुरशीनाशकं बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मंडळी म्हणतोय कारण हे पत्र कुणा एकाला नाही. धान्यपिकांसाठी बुरशीनाशकं शोधणाऱ्या कंपन्या, त्यांचं मार्केटिंग बघणारी माणसं, आणि ज्यांच्या सहीशिवाय एकही बाटली बाजारात येत नाही ती नोंदणी करणारी नियामक मंडळं, तुम्हा तिघांना एकत्रच लिहितोय, कारण वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा अनुभव घेऊन झालाय.

निमित्त साधंच आहे. मागच्या आठवड्यात फोनवर एक व्हिडिओ आला. नवीन बुरशीनाशक येतंय म्हणे, एकदा फवारा आणि सीझनभर निश्चिंत, मागे जोरदार म्युझिक, हिरवंगार शेत, ड्रोनमधून शूटिंग. मी तो व्हिडिओ तीन वेळा थांबवून थांबवून बघितला. औषध कुठल्या गटातलं आहे, म्हणजे बुरशीला कुठल्या जागी मारतं, ते कुठेच नाही. कशात मिसळून मारायचं ते नाही. एका पिकाला जास्तीत जास्त किती वेळा, तेही नाही. आणि पॅक सुटा, म्हणजे एकटाच घटक, जोडीदार कुणी नाही. डोकंच फिरलं. कारण हा पिक्चर मी आधी पाहिलेला आहे आणि त्याचा शेवट मला माहितीये.

माझी ओळख एवढीच की मी गहू आणि बार्ली पिकवतो. शास्त्रज्ञ नाही. पण गेल्या तीन सीझनमध्ये बुरशीवर एवढं वाचावं लागलंय की आता घरचे चेष्टा करतात.

तीन सीझनमागे काय झालं ते सांगतो. गहू पोटरीच्या अलीकडे होता, ध्वजपान पूर्ण उघडलेलं, पाऊस थांबून थांबून चालू. खालच्या पानांवर सेप्टोरिया या बुरशीजन्य रोगाचे ठिपके होते, म्हणजे ते तपकिरी चट्टे आणि त्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे दाणे. ज्यांनी बघितलेत त्यांना लगेच कळेल. त्या काळ्या दाण्यांतून बीजाणू बाहेर पडतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून वरच्या पानावर जातात. दाणा भरतो तो मुख्यतः वरच्या दोन-तीन पानांच्या जोरावर, म्हणून ती पानं वाचवायची, हे सगळ्यांनाच माहिती असतं. मी वेळेवर फवारलं, लेबलवरची पूर्ण मात्रा, वारा नसताना. आणि तीन आठवड्यांनी वरची पानं खालच्यासारखीच झाली. या रोगात संसर्ग झाल्यावरही पान दोन-चार आठवडे स्वच्छ दिसतं, त्यामुळे आपल्याला वाटत राहतं की औषध काम करतंय, आणि मग एका आठवड्यात सगळं शेत करपल्यासारखं.

तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, सभ्य होता, चहा घेतला, शेतात फिरला, आणि म्हणाला पाणी कमी पडलं असेल, नोझल बदलून बघा, फवारणी दोन-चार दिवस लेट झाली असेल. मी मान्य केलं. खरंच सांगतो, वर्षभर मला वाटत होतं की चूक माझीच. पुढच्या सीझनला नवीन नोझल, पाणी जास्त, तारीख अगदी मोजून, आणि मुद्दाम मधला एक पट्टा न फवारता सोडला. कापणीच्या आधी त्या पट्ट्यात आणि बाकीच्या शेतात उभं राहून बघितलं तर फरक सांगता येईना. मग पानं गोळा करून एका प्रयोगशाळेत दिली. रिपोर्ट आला तो धान्य पोत्यात गेल्यावर. त्यात लिहिलं होतं की या बुरशीत स्ट्रोबिल्युरिन या बुरशीनाशकांच्या गटाला अजिबात दाद न देणारा बदल आहे, आणि ॲझोल गटाच्या विरोधातही एकाहून जास्त बदल आहेत. म्हणजे माझ्या टाकीतल्या दोन घटकांपैकी एक नुसतं पाणी होतं आणि दुसरा अर्धमेला.

आता माझा राग यावर नाहीये की बुरशी बदलली. बुरशी बदलणारच, तिचं कामच ते. राग यावर आहे की हे तुम्हाला माहिती होतं. माझ्या एकट्याच्या शेतातलं नसेल माहिती, पण एकूण काय होणार ते तुम्हाला पंचवीस वर्षांपासून माहिती आहे.

स्ट्रोबिल्युरिनचीच गोष्ट घ्या. १९७७ मध्ये पाइनच्या गळून पडलेल्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्याशा अळंबीतून हा पदार्थ वेगळा केला गेला. ती अळंबी दुसऱ्या बुरशांना आपल्या जागेवरून हाकलायला तो बनवते, म्हणजे बुरशीनेच बनवलेलं बुरशीनाशक. त्यावरून घडवलेली ॲझॉक्सिस्ट्रोबिन आणि क्रेसॉक्सिम-मिथाइल १९९६ मध्ये बाजारात आली आणि अक्षरशः क्रांती झाली असं सगळे म्हणाले, पीक जास्त दिवस हिरवं राहायचं, उतारा वाढायचा. आणि १९९८ मध्ये उत्तर जर्मनीत गव्हावरच्या भुरीने त्याला दाद देणं बंद केलं. दोन वर्षं! पुढच्या चार-पाच वर्षांत सेप्टोरियाचीही तीच गत झाली, आणि वायव्य युरोपात बघता बघता बहुतेक सगळी सेप्टोरिया प्रतिकारक झाली.

कारण काय, तर स्ट्रोबिल्युरिन ज्यावर मारतं त्या सायटोक्रोम बी नावाच्या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलॅनिन आलं. एका अक्षराचा फरक म्हणा ना. त्याला जी१४३ए म्हणतात. औषध थोडं कमी लागू पडतं असं नाही, लागूच पडत नाही, मात्रा दुप्पट करा नाहीतर चौपट करा.

यातली एक गंमत सांगतो, जी मला कुठल्याच विक्रेत्याने कधी सांगितली नाही. तांबेऱ्याच्या बुरशांमध्ये हा बदल होऊच शकत नाही. त्यांच्या त्या जनुकात १४३ च्या लगेच पुढे एक इंट्रॉन आहे, म्हणजे जनुक वाचताना कापून काढायचा तुकडा, आणि तिथलं अक्षर बदललं की ती कापाकापी बिघडते आणि बुरशीच जगत नाही. म्हणून तीच बाटली आजही तांबेऱ्यावर काम करते आणि सेप्टोरियावर, भुरीवर करत नाही. पण पोस्टरवर सगळे रोग एका ओळीत छापलेले असतात. माझ्यासारखा माणूस तांबेरा गेलेला बघतो, समजतो औषध चांगलं आहे, आणि ठिपक्यांसाठीही तेच मारतो.

ॲझोलचं वेगळं. ते एका रात्रीत गेले नाहीत, जिना उतरावा तसे एकेक पायरी उतरत गेले. ॲझोल ज्यावर मारतात त्या सीवायपी५१ या एन्झाइममध्ये बुरशीने एक बदल केला, मग दुसरा, मग तिसरा, वर ते एन्झाइमच जास्त बनवायला लागली, आणि दर काही वर्षांनी पूर्वीपेक्षा थोडं कमी काम व्हायला लागलं. असं हळूहळू झालं की शेतकरी हवामानाला दोष देतो. मग एसडीएचआय हा बुरशीनाशकांचा आणखी एक गट जोरात आला. खरं तर हा गट जुनाच, कार्बॉक्सिन १९६० च्या दशकातलं आहे, पण २०१० च्या आसपास जे नवीन एसडीएचआय आले ते धान्यपिकात सगळीकडे गेले, आणि काही वर्षांतच बार्लीच्या जाळीदार करप्यात आणि सेप्टोरियात त्यांच्याविरुद्धचे बदल सापडायला लागले. बार्लीच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या रॅम्युलारिया या बुरशीने तर कमालच केली, युरोपात बऱ्याच ठिकाणी स्ट्रोबिल्युरिन, एसडीएचआय आणि ॲझोल तिघांनाही गुंडाळून ठेवलं. त्याच सुमारास, २०१९ मध्ये, युरोपियन युनियनने क्लोरोथॅलोनिल या जुन्या बुरशीनाशकाची मान्यता पुढे चालू ठेवली नाही. ते का काढलं ते समजू शकतो, भूजलाचा प्रश्न होता, आणि पाणी मलाही प्यायचंय. पण बुरशीच्या पेशीत अनेक ठिकाणी एकदम मार करणारं, ज्याच्यापुढे बुरशीला प्रतिकार करणं अवघड जातं असं जे एक जुनं शस्त्र बाकीच्यांना आडोसा देत होतं ते काढताना त्याच्या जागी काय, हा प्रश्न कुणाच्या टेबलावर होता का? मला तरी तसं दिसलं नाही.

हे सगळं जुनं उगाळत नाही बसलोय. मुद्दा नवीन औषधांचाच आहे.

नवीन औषधं खरंच येतायत आणि त्यातली काही खरंच हुशारीने बनवलेली आहेत, हे मनापासून मान्य करतो. फेनपिकॉक्सॅमिड घ्या, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूच्या एका पदार्थापासून बनवलेलं, युरोपियन युनियनने २०१८ मध्ये मान्य केलं. ते मारतं स्ट्रोबिल्युरिनच्याच एन्झाइम-समूहाला, पण दुसऱ्या बाजूने, त्यामुळे १४३ चा बदल असलेली सेप्टोरियाही त्याला बळी पडते. मेफेनट्रायफ्लुकोनाझोल, २०१९ चं, हे ॲझोलच आहे पण त्याचा रेणू थोडा लवचिक केलाय, एन्झाइमचा आकार बदललेला असला तरी तो वाकून बसतो. मेटिलटेट्राप्रोल तर थेट १४३ चा बदल डोळ्यासमोर ठेवून घडवलेलं, स्ट्रोबिल्युरिनच्याच जागेवर बसतं पण त्या बदलामुळे अडत नाही. ज्यांनी हे केलं त्यांना सलाम. एक नवा घटक बाजारात यायला दहा वर्षांहून जास्त वेळ आणि २५ कोटी डॉलरहून जास्त खर्च लागतो हेही वाचलंय.

पण मग एवढ्या कष्टाने केलेली गोष्ट अशी उधळून का टाकता? घरात एकच भरलेलं पिंप असताना कुणी नळ उघडा टाकून झोपत नाही ना.

आता तक्रारी. क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो, पण एकीतून दुसरी निघते त्यामुळे इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या.

पहिली तक्रार नावांची. तुम्ही नवीन म्हणता तेव्हा नक्की काय नवीन असतं? वर सांगितलेल्या तिघांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फेनपिकॉक्सॅमिडची मारण्याची जागा धान्यपिकाच्या रोगांसाठी नवी. मेफेनट्रायफ्लुकोनाझोलची जागा जुनीच, रेणू नवा, म्हणजे आधीच्या ॲझोलने जी बुरशी निवडून निवडून वाढवली तिच्याशीच त्याची गाठ. आणि कित्येक 'नवीन' बाटल्यांमध्ये तर रेणूही जुनाच असतो, नवा असतो फक्त रंग आणि नाव. शेतकऱ्याला हे ओळखता यावं म्हणून आकडे आहेत की! बुरशीनाशक प्रतिकार कृती समिती, फ्रॅक म्हणतात तिला, १९८१ पासून आहे, तुमच्याच कंपन्यांची आहे, आणि तिने प्रत्येक गटाला क्रमांक दिलाय. ॲझोल ३, एसडीएचआय ७, स्ट्रोबिल्युरिन ११, मेटिलटेट्राप्रोल ११ए, फेनपिकॉक्सॅमिड २१. केवढी सोपी गोष्ट आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका इथे लेबलवर हा आकडा ठळक दिसतो. मग बाकी ठिकाणी का नाही? ज्याला रेणूचं नाव उच्चारता येत नाही तोसुद्धा ३ आणि ७ वाचू शकतो. मी एकदा एकाच सीझनला तीन वेगवेगळ्या नावांची औषधं आलटून पालटून मारली आणि स्वतःवर खूश होतो की आपण फेरपालट करतोय, नंतर कळलं तिन्ही ११ होती.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, म्हणजे सुटं विकणं. एकाच जागेवर मार करणारं औषध एकटं फवारणं म्हणजे बुरशीला चाळणीतून गाळणं, जी जगते ती प्रतिकारकच. हे तुमच्याच समितीच्या मार्गदर्शनात लिहिलेलं आहे, जोडीदार द्या, फवारण्या मर्यादित ठेवा. मग ते लिहिलेलं एका फाइलीत आणि विक्री दुसऱ्या दिशेने असं कसं? आणि जोडीदार म्हणजे नावापुरता नको. ज्या रोगावर जोडीदाराचा प्रभाव आधीच संपलाय तिथे ती जोडी नाहीच, तिथे नवीन औषध एकटंच लढतंय, आपण फक्त समाधान करून घेतोय. माझ्या टाकीत तेच झालं होतं, स्ट्रोबिल्युरिन मेलेलं, सगळा भार ॲझोलवर.

याच्यातच मात्रेची गोष्ट येते आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. आम्हाला कायम ऐकवलं जातं की शेतकरी कमी डोस मारतात म्हणून प्रतिकार वाढतो. प्रत्येक मीटिंगमध्ये. पण मैदानी प्रयोगांचे आढावे वाचले तर उलटंच दिसतं, बहुतेक प्रयोगांत मात्रा जितकी जास्त तितकी प्रतिकारक बुरशीची निवड वेगाने झालीय. तर्क पण सोपा आहे, जास्त मात्रेने साधी बुरशी साफ होते आणि प्रतिकारक बुरशीला रान मोकळं मिळतं. याचा अर्थ मनाला येईल तेवढं कमी मारा असा नाही, रोग आटोक्यात यायलाच पाहिजे, अपुऱ्या मात्रेने पीक गेलं तर काय उपयोग. पण निदान खापर आमच्या डोक्यावर फोडताना पुरावा बघा. पूर्ण डोस मारला की बाटल्या जास्त खपतात हा योगायोग आमच्याही लक्षात येतो हो.

तिसरी तक्रार माहितीची. तुम्ही दरवर्षी ठिकठिकाणची पानं गोळा करता, बुरशी वाढवून बघता, बदल मोजता. त्याचा सारांश वर्षातून एकदा येतो, देशाच्या पातळीवर, कमी-मध्यम-जास्त अशा शब्दांत. मला माझ्या भागात या सीझनला काय चालू आहे ते फवारणीच्या आधी कळायला हवं, पुढच्या वर्षी नाही. बैल गेला नि झोपा केला, असलं काय कामाचं? सेप्टोरियाची बुरशी लैंगिक पद्धतीनेही वाढते आणि ते बीजाणू वाऱ्यावर लांब जातात, म्हणजे एका शेतात निवडला गेलेला बदल बांध बघून थांबत नाही. तरी माहिती मात्र कंपनीच्या कपाटात थांबते.

चौथी, तक्रार आली की आधी शेतकरी चुकला असं धरून चालणं. यावर वर सांगितलंय, पुन्हा नाही सांगत. फक्त एवढंच विचारतो, त्या दिवशी माझ्या शेतातून पाच पानं पिशवीत टाकून नेली असती तर काय बिघडलं असतं? प्रतिकार सगळ्यात आधी दिसतो तो अशाच तक्रारींच्या शेतात. तुम्ही सगळ्यात उपयोगी नमुना चहा पिऊन सोडून गेलात.

आता भाताकडे बघू, कारण तिथे एक उदाहरण आहे जे मला खूप शिकवून गेलं. भातावरचा करपा. ही बुरशी पानात घुसायला काळ्या रंगद्रव्याच्या, म्हणजे मेलॅनिनच्या, जोरावर प्रचंड दाब तयार करते आणि अक्षरशः भोक पाडते. ते मेलॅनिनच बनू दिलं नाही तर बुरशी पानावर बसून राहते, आत जाता येत नाही. ट्रायसायक्लाझोल हेच करतं, चार दशकांहून जास्त काळ वापरात आहे, आणि शेतात त्याला प्रतिकार उभा राहिल्याचं नोंदलेलं नाही. जपानमध्ये याच मेलॅनिनच्या साखळीतली शेजारची कडी तोडणारं कार्प्रोपामिड १९९८ मध्ये आलं. सोयीचं होतं, रोपांच्या ट्रेमध्ये एकदाच टाकायचं आणि मग बराच काळ टिकायचं. २००१ मध्ये क्यूशू बेटावर प्रतिकारक करपा सापडला. साखळी तीच, कडी वेगळी, एक चाळीस वर्षं आणि एक तीन वर्षं. म्हणजे कुठल्या जागेवर मार करायचा आणि बुरशीवर किती दिवस सलग दाब ठेवायचा यावर सगळं ठरतं. आणि आजच्या जाहिरातीत अभिमानाने काय सांगतात? जास्त दिवस टिकतं. जास्त दिवस टिकणं माझ्या सोयीचं आहे हे मान्य, पण बुरशीच्या निवडीच्या दृष्टीने ते काय करतं हेही त्याच वाक्यात सांगा की.

गव्हावरचा करपा पण लक्षात घ्या. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये पहिल्यांदा दिसला, २०१६ मध्ये बांगलादेशात आला, २०१८ मध्ये झांबियात. ब्राझीलमधल्या बुरशीत १४३ चा बदल पसरलेला आहे. बांगलादेश आणि झांबियात पोहोचलेला वंश तपासला तेव्हा स्ट्रोबिल्युरिनला अजून दाद देणारा निघाला, पण प्रयोगशाळेत त्याच्यातही प्रतिकार सहज उभा राहिला. म्हणजे तिथे थोडा वेळ अजून हातात आहे. तो वेळ एकच औषध पुन्हा पुन्हा मारून घालवायचा की जातींवर, पेरणीच्या तारखांवर, मिश्रणांवर काम करायला वापरायचा, हे आत्ता ठरतंय, नंतर नाही.

एक गोष्ट नियामकांसाठी खास, कारण कंपन्या ही बोलणार नाहीत. ॲझोल आम्ही शेतात मारतो आणि डॉक्टर ॲझोलच माणसाच्या फुप्फुसातल्या बुरशीवर देतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात, कंपोस्टमध्ये वाढते, तिथे ॲझोलचे अंश असतात, आणि ज्या रुग्णांनी कधी ॲझोल घेतलेलंच नाही अशांमध्येही ॲझोलला न जुमानणारी ॲस्परजिलस सापडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सगळ्यात धोकादायक बुरशांची यादी काढली तेव्हा हिला वरच्या गटात ठेवलं. आता पुढचं ऐका. माणसांसाठी ओलोरोफिम नावाचं एक नव्या प्रकारचं औषध घडवलं जातंय, आणि ते ज्या एन्झाइमवर मारतं त्याच एन्झाइमवर मारणारं इपफ्लुफेनोक्विन हे शेतीचं औषध आलेलंसुद्धा आहे. माणसांसाठीचं फॉसमॅनोजेपिक्स आणि शेतीतलं अमिनोपायरिफेन यांचंही तसंच, जागा एकच. मी शेतकरी आहे, मला नवीन गट हवेत, माझ्या फायद्याचंच बोलायचं तर मी गप्प बसायला पाहिजे. पण माझा भाऊ रक्ताच्या आजारात महिनोन्महिने हॉस्पिटलमध्ये होता, आणि त्या वॉर्डात बुरशीला डॉक्टर किती घाबरतात ते मी पाहिलंय. शेताचं टेबल आणि दवाखान्याचं टेबल वेगळं ठेवून मंजुऱ्या देऊ नका. आधी एकत्र बसा.

आमची चूक नाही असं म्हणत नाही. शेजाऱ्याने मारलं म्हणून मारायचं, रोग नसताना विमा म्हणून मारायचं, एकच आवडती जात वर्षानुवर्षं लावायची मग ती रोगाला कितीही नाजूक असो, धसकटं तशीच ठेवायची, हे सगळं मी स्वतः केलंय. लवकर पेरणी केली की सेप्टोरिया वाढतो हे माहीत असून लवकर पेरलंय, कारण मशीन मोकळं होतं. ते आम्ही सुधारू, सुधारायलाच लागेल, त्यासाठी दुसरं पत्र आमच्याच लोकांना लिहायला हवं.

पण तुमच्याकडून मला या गोष्टी हव्यात, आणि त्या मी साध्या शब्दांत मांडतो.

गटाचा क्रमांक बाटलीवर, खोक्यावर आणि प्रत्येक जाहिरातीत, औषधाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात. व्हिडिओमध्येही.

धान्यपिकांसाठी एकाच जागेवर मारणारं कुठलंही नवीन औषध सुटं विकायला परवानगी नको. मिश्रणच हवं, आणि जोडीदार त्या रोगावर आजही काम करतो याचा ताजा पुरावा नोंदणीच्या वेळी आणि नंतर दर काही वर्षांनी द्यावा लागेल असा नियम करा. जोडीदार कामातून गेला की मिश्रणाची परवानगी पुन्हा तपासा.

फवारण्यांची मर्यादा बाटलीला नको, गटाला हवी. एका बाटलीवर जास्तीत जास्त दोनदा लिहायचं आणि त्याच गटाच्या चार बाटल्या शेजारी शेजारी विकायच्या, याला मर्यादा म्हणत नाहीत. बीजप्रक्रियेत तोच गट असेल तर तोही त्यात मोजा, कारण बुरशीला बियाण्यावरचं काय आणि पानावरचं काय, सारखंच.

प्रतिकाराच्या तपासण्या सीझन चालू असताना, भागवार, रोगवार, कुठला बदल किती टक्के नमुन्यांत, अशा सगळ्यांना दिसतील अशा जाहीर करा. कंपन्यांनी दिलेली आकडेवारी नियामकांनी स्वतंत्रपणे पडताळावी. हे केल्यावर तुमची विक्री थोडी कमी होईल. होऊ द्या, औषध जास्त वर्षं टिकेल.

औषध चाललं नाही अशी तक्रार आली की कंपनीच्या खर्चाने नमुना घेतला पाहिजे, आणि रिपोर्ट येईपर्यंत कुणीही नोझलचं नाव काढायचं नाही.

नवीन मारक जागा शेतासाठी मंजूर करण्याआधी माणसांच्या औषधांशी ती जुळते का हे बघणं सक्तीचं करा. आणि अनेक जागांवर मारणारं एखादं जुनं औषध काढताना, काढायचंच असेल तर जरूर काढा, पण त्यावर टेकून उभ्या असलेल्या बाकीच्या औषधांचं काय होणार याचं उत्तर त्याच आदेशात द्या.

आणि रोगप्रतिकारक जातींवरच्या कामाला पैसा. हे शेवटी लिहिलंय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका, पण त्यावर माझ्यापेक्षा जास्त कळणारे लोक आहेत, त्यांना विचारा.

त्या व्हिडिओतलं औषध कदाचित खूप चांगलं असेल. मला ते वापरायचंय. दोन-तीन सीझन नाही, माझी मुलगी शेती बघायला लागेल तेव्हाही ते चाललं पाहिजे, ती आत्ता नववीत आहे.

जाता जाता एक. या सीझनची पानं मी पुन्हा गोळा केलीत, फवारलेल्या पट्ट्यातली वेगळी, न फवारलेल्यातली वेगळी, कागदात दाबून सुकवून ठेवलीत, तारखा घालून. तुमच्यापैकी ज्यांना तपासायची असतील त्यांनी कुठे पाठवायची ते जाहीरपणे सांगा. पाकिटं तयार आहेत.

आपला,
गहू-बार्ली पिकवणारा एक शेतकरी